भावजींचा फायदा

"काही म्हणा, ह्या सगळ्यात भावजींचा मात्र फायदाच झाला," वहिनी म्हणाली आणि खोलीतली सगळी माणसं हसली. वाईट हसली नाहीत. दादा इस्पितळातून घरी आल्यानंतर पहिल्यांदाच चार माणसं जमली होती. खिडक्या उघड्या होत्या, दादा पाठीशी उशी घेऊन खुर्चीत बसला होता, तोंडावरचा मास्क त्याने हनुवटीखाली ओढला होता, आणि इतके महिने घरात दबून राहिलेलं हसू कुठल्या तरी निमित्ताने बाहेर पडायचंच होतं. ते दादाच्या धाकट्या भावावरून बाहेर पडलं. तो दाराजवळच्या स्टुलावर बसला होता, हातात बिनसाखरेच्या चहाचा कप. तोही हसला. वहिनीच्या मामेभावाने पुढे होऊन त्याचा दंड चाचपून पाहिला, "वा!" म्हणाला, आणि अगदी मनापासून विचारलं, "पण तुम्ही मन कसं टिकवलंत हो? आमचा उत्साह आठवड्यात मावळतो. बूट आणतो, ते कपाटात जातात." सगळे त्याच्याकडे पाहायला लागले. त्याने सांगितलं, सकाळी उठायचं, लिफ्टला हात लावायचा नाही, गोड बंद, तळलेलं बंद, रात्रीचं जेवण लवकर. "आणि मन?" मामेभावाने पुन्हा विचारलं. "ते आपोआप राहतं," तो म्हणाला आणि चहाचा घोट घेतला. चहा निवला होता. फायदा हा शब्द चपलेत खडा शिरावा तसा त्याच्या आत शिरला होता. बसून राहिलं तर काही नाही, हललं की टोचायचा.

घरी परतताना बायको पुढे चालत होती आणि तो मागे. तो मुद्दाम मागे राहिला होता. त्याला सगळं पहिल्यापासून आठवून बघायचं होतं, कुठे फायदा झाला ते हुडकल्यासारखं. पहिल्यापासून म्हणजे किती पहिल्यापासून? दादा शाळेतला धावपटू होता. बारीक, ताठ, शिट्टी वाजली की सुटणारा. स्पर्धेच्या दिवशी मैदानाच्या कडेला बसून दादाचे कपडे सांभाळायचे हे त्याचं काम. "ह्याला कपड्यांवर ठेवा रे, वाऱ्याने उडायचे नाहीत," असं दादा मित्रांना म्हणायचा, आणि मित्र हसायचे, आणि तोही हसायचा, कारण दादाच्या विनोदात आपण असतो ह्याचंच त्याला त्या वयात अप्रूप होतं. पोत्या हे नाव दादानेच ठेवलं. पुढे दादाचं लग्न झालं, त्याचं झालं, दोघांच्या केसांत पांढरं आलं, तरी फोनवर "काय पोत्या?" हीच सुरुवात. दादाच्या मुलीने लहानपणी त्याला पोत्याकाका म्हटलं तेव्हा वहिनीने तिला दटावलं होतं आणि दादा पोट धरधरून हसला होता. आईला मात्र ते नाव कधीच आवडलं नाही. आई असेपर्यंत तिच्यासमोर दादा ते उच्चारत नसे. म्हणजे दादाला कळत होतं.

तो कवळ्या बनवायचा. एका दंतवैद्याच्या दवाखान्यामागे त्याची खोली होती. तिथे दिवसभर बसून माणसांच्या जबड्यांच्या प्लास्टरच्या साच्यांवर गुलाबी मेणाच्या हिरड्या चढवायच्या, त्यात एकेक दात बसवायचा, घासायचा, पुन्हा बसवायचा. बसकं काम. हाताशी बिस्किटांचा डबा. काम चांगलं जमलं की एक बिस्कीट, बिघडलं की दोन. मांड्या स्टुलाच्या दोन्ही बाजूंनी ओघळायच्या आणि त्याला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. बायकोला वाटायचं. लग्नानंतरची पहिली काही वर्षं ती त्याला सकाळी हलवून उठवायची, "चला ना, दोघं जाऊ फिरायला," म्हणायची. तो दोन दिवस जायचा. तिसऱ्या दिवशी अंग दुखायचं. एकदा तिने त्याच्यासाठी निळा शर्ट आणला होता, मुद्दाम एक माप लहान, अंगात येईपर्यंत वजन उतरवा म्हणून. तो शर्ट कपाटात घडीवरच विटला. मग तिने उठवणं सोडलं. कधी सोडलं ते त्याला आठवेना. तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहत त्याने आठवायचा प्रयत्न केला, पण नाहीच.

दादाचं यकृत निकामी होत चाललंय हे कळलं तेव्हा कुणाचाच विश्वास बसला नाही. दादा कधी दारूला शिवला नव्हता. कुठली तरी जुनी कावीळ आतल्या आत पोखरत राहिली होती म्हणे. आजाराने धरायचं तर त्याला धरायला हवं होतं, पोत्याला, असं सगळ्यांच्याच चेहऱ्यावर होतं, त्याच्यासुद्धा. वहिनीचा रक्तगट जुळत नव्हता. दादाची मुलगी अजून शाळेत होती. त्याचा जुळला. सर्जनच्या खोलीत ते तिघं बसले होते, वहिनी, बायको आणि तो, आणि सर्जन समजावून सांगत होता की जिवंत माणसाच्या यकृताचा तुकडा काढून घेता येतो, उरलेलं पुन्हा वाढतं, शरीरात असा दुसरा अवयव नाही. वहिनीने त्याचा हात धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मग सर्जनने त्याचा रिपोर्ट उजेडात धरला आणि तोंड वाकडं केलं. "ह्याच्यावर चरबी आहे. भरपूर आहे. हे असं यकृत मी कुणालाच लावणार नाही. वजन उतरवा, मग बोलू." "किती उतरवायचं?" वहिनीने विचारलं, जणू तीच उतरवणार होती. सर्जनने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "जमेल तेवढं. आणि जमेल तितक्या लवकर." वहिनीने हात सोडला नव्हता, पण आता ती तो पकडून बसली होती, पळून जाईल म्हणून धरावा तसा.

दुसऱ्या दिवसापासून तो चालायला लागला. घराजवळ एक मोठा तलाव होता, त्याच्याभोवती फरशांची वाट. पहिल्या सकाळी अर्ध्या वाटेवरच त्याच्या मांड्या एकमेकींवर घासून सोलवटल्या. तो बाकावर बसला आणि समोरून माणसं जात राहिली. सडसडीत, कानांत काहीतरी घातलेली, घामाने चकाकणारी. त्यांच्यातलं कुणी त्याच्याकडे पाहत नव्हतं आणि तरी आपल्याला सगळे पाहतायत असं त्याला वाटत होतं. घरी जाऊन त्याने मांड्यांना पावडर लावली आणि पुन्हा संध्याकाळी गेला. बिस्किटांचा डबा त्याने दवाखान्यातल्या कामवाल्या बाईंना देऊन टाकला. भूक लागायची तेव्हा तो पाणी प्यायचा, आणि पाणी पिऊनही लागायची तेव्हा कानशिलं ठणकायची, हातातला दात मेणात तिरका बसायचा. दवाखान्याचा जिना तो चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. दुपारी खोलीत दार लावून गुडघे दुमडत उठाबशा काढायचा आणि शेल्फावरचे प्लास्टरचे जबडे आ वासून बघत असायचे.

वहिनीचा रोज फोन यायचा. त्याला नाही, बायकोला. "आज काय दिलंस त्यांना?" बायको सांगायची. सुरुवातीला सविस्तर, मग तुटक. एका रविवारी वहिनी न सांगता घरी आली, स्वयंपाकघरात गेली आणि फ्रिज उघडून उभी राहिली. लोणी बाहेर काढलं, चीज काढलं, बायकोने स्वतःसाठी आणलेला केकचा तुकडा काढला. "हे घरात कशाला ठेवतेस गं? समोर दिसलं की मोह होतो माणसाला." बायको म्हणाली, "तो माझा आहे." "अगं, चार महिने तू नाही खाल्लास तर काय बिघडतंय? तिकडे माणूस चाललाय माझा."  वहिनीने सगळं पिशवीत भरून नेलं. ती गेल्यावर बायको ओट्याला टेकून उभी राहिली, आणि तो बुटांच्या नाड्या बांधायला वाकला तेव्हा म्हणाली, "मी इतकी वर्षं जीव तोडून सांगितलं, तेव्हा एक दिवस धड झाला नाही तुम्हाला. आता बघा कसे पळत सुटलाय." "अगं, दादा मरेल." "हो. आणि मी काय मरत नव्हते, एवढंच ना?" त्याने नाड्या बांधल्या. त्या दिवशी तो नेहमीपेक्षा जास्त चालला.

मग कधीतरी अंघोळ करताना त्याच्या बोटांना गळ्याखाली एक हाड लागलं. त्याने हात काढून घेतला, पुन्हा लावला. दोन्ही बाजूंना होतं. इतकी वर्षं ते तिथेच होतं, आत, वाट बघत असल्यासारखं. तो पाणी अंगावर पडू देत तसाच उभा राहिला आणि त्याला रडू आलं. त्या दिवसापासून त्याच्या चालण्याला निराळंच काहीतरी चिकटलं. तलावाच्या वाटेवर तो मनात दादाशी बोलायचा. बरगड्यांखाली उजवीकडे हात ठेवला की त्याला वाटायचं, इथे आपण काहीतरी पिकवतोय. आपलं नव्हेच ते, दादाचं. नुसतं आपल्याकडे ठेवायला दिलंय, आणि घासूनपुसून स्वच्छ करून परत करायचंय. ते दादाच्या पोटात गेलं की दादा उठेल, चालेल, हसेल, आणि त्या प्रत्येक हसण्यात ह्याचा वाटा असेल, कायमचा, कापून काढता येणार नाही असा. कुणाला हे सांगितलं असतं तर वेड्यात काढलं असतं. पण पाय त्यावरच चालत होते. मामेभावाने विचारलं होतं मन कसं टिकवलंत. असं टिकवलं. हे चहा पिता पिता सांगण्यासारखं होतं का?

रविवारी तो दादाकडे जायचा. दादाचा चेहरा मेणासारखा पिवळा, डोळे त्याहून पिवळे, अंगाला सतत खाज. त्याला पाहिलं की दादा म्हणायचा, "ये. शर्ट वर कर बघू." तो शर्ट वर करायचा. दादा दोन बोटांत त्याच्या कमरेचं मांस धरून बघायचा, बाजारात माल दाबून बघतात तसं. "अजून आहे रे. अजून पुष्कळ आहे." वहिनी पलीकडून बघायची. त्याला त्याचा राग यायचा नाही. उलट पुढच्या रविवारी कमी भरावं म्हणून तो आठवडाभर झटायचा. एकदा वहिनी औषध आणायला खाली गेली होती आणि दादा डोळे मिटून पडला होता. झोपला असेल म्हणून तो उठायला लागला, तेवढ्यात दादाने डोळे न उघडताच त्याचं मनगट पकडलं. "पोत्या, जरा लवकर कर रे." आवाज इतका बारीक होता की तो दादाचा वाटलाच नाही. जन्मात दादाने त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तलावाच्या वाटेवर तो पळाला. कधी पळायला लागला ते त्यालाच कळलं नाही. छाती फुटायला आली, तोंडात रक्तासारखी चव आली, आणि तरी पाय पडत राहिले. बाकावरचे दोन म्हातारे त्याच्याकडे पाहून टाळ्या वाजवत होते.

रिपोर्ट चांगला आला. सर्जनने उठून त्याच्याशी हात मिळवला, "तुमच्यासारखा माणूस बघितला नाही," म्हणाला, आणि पुढच्या तपासण्या लिहून दिल्या. त्या मोठ्या होत्या. गुहेसारख्या यंत्रात त्याला आत सरकवलं गेलं, श्वास रोखा, सोडा, रोखा. त्याला त्याची मजाच वाटली. श्वास त्याला आता हवा तितका रोखता येत होता. दोन दिवसांनी सर्जनने त्याला एकट्याला बोलावलं. ह्या वेळी तो उठला नाही. पडद्यावर एक चित्र होतं, फांद्या फुटलेल्या झाडासारखं, आणि त्यातल्या एका फांदीवर पेन टेकवून तो म्हणाला, "तुमच्या पित्ताच्या नळीला वेगळ्याच ठिकाणी फाटा फुटतो. जन्मतःच. लाखात एखाद्याची अशी असते. इथे कापलं तर तुमच्याच जिवावर बेतेल, आणि त्यांनाही उपयोग व्हायचा नाही. सॉरी." त्याला आधी कळलंच नाही. मग त्याने विचारलं, "हे पहिल्यांदा दिसलं नसतं?" "दिसलं असतं," सर्जन म्हणाला, "पण तेव्हा बघायची वेळच आली नव्हती. चरबीवरच तुम्ही बाद होतात." आणि मग, माणूस बरा असावा म्हणून, त्याने जोडलं, "पण वजन उतरवलंत ते काही वाया गेलं नाही. हृदयाला चांगलं."

बाहेर कॉरिडॉरमध्ये आला तेव्हा त्याच्या आत एक शब्द वर आला. सुटलो. तो त्याने आणला नव्हता, आपोआप आला, पोटातून ढेकर यावी तसा, आणि त्याच्या मागोमाग शरम आली. मग शरमही ओसरली आणि नुसतं रिकामं राहिलं. उजव्या बरगडीखाली त्याने हात ठेवून पाहिला. तिथे काही पिकत नव्हतं. एक वाकडी नळी होती, जन्मापासून.

वहिनीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "इतके महिने आम्ही तुमच्या भरवशावर बसलो. आधी कळलं असतं तर दुसरीकडे हातपाय हलवले असते." तो म्हणाला, "वहिनी, मला तरी कुठे माहीत होतं?" "तुम्हाला कोण काय म्हणतंय?" ती म्हणाली आणि तोंड फिरवलं. दादाला तिनेच सांगितलं. तो दादाच्या इस्पितळातल्या खोलीच्या दारात उभा होता. दादाचं पोट आता पाण्याने फुगलं होतं आणि बाकीचा देह काडीसारखा. चादरीखाली काय आहे ते ओळखू येऊ नये असा.  दादा मान वळवून म्हणाला, "म्हणजे आतूनही सरळ निघाला नाहीस का रे तू?" सलाईन बदलणारी नर्स हसली. वहिनी हसली आणि लगेच तिने पदर डोळ्यांना लावला. तो हसला. त्याच्या लक्षात आलं की चेहरा अजूनही आधी हसतो आणि मग त्याला विचारतो.

दादा वाचला तो एका परक्या तरुणामुळे. रस्त्यावरच्या अपघातात गेलेला कुणी. त्याच्या आईवडिलांनी होकार दिला, धावपळ झाली, आणि दादाच्या पोटात त्याचं यकृत बसलं. अंगाचा पिवळेपणा पुसल्यासारखा गेला. पहिल्यांदा नीट बोलता आलं तेव्हा दादा रडला. तो मुलगा कोण, कुठला, काहीच कळणार नव्हतं, पण दादा भेटेल त्याला त्याच्याविषयी सांगायचा, दर वेळी डोळे भरायचे. आजही, माणसं जमली होती तेव्हा, वहिनीच्या त्या वाक्याच्या थोडंसं आधी, दादा छातीवर हात ठेवून म्हणाला होता, "पाठचा भाऊ म्हणतात ना, तो हा. ना ओळख ना पाळख, आणि जीव देऊन गेला."  मग कुणीतरी विषय बदलायला धाकट्याकडे वळून म्हणालं होतं, अरे वा, तू तर ओळखूच येत नाहीस, आणि वहिनी म्हणाली होती, काही म्हणा.

बायको घराच्या दारात थांबली होती. "कुठे राहिलात?" तिने किल्ली लावता लावता विचारलं आणि उत्तराची वाट पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो उठून बसला तेव्हा ती कुशीवर वळून म्हणाली, "झोपा की आता." खरंच, आता कशाला? तो पुन्हा आडवा झाला. छताकडे बघत राहिला. पाय आपसूक हलत होते. दुपारी तो बेकरीत गेला, एक केक घेतला, रस्त्यावर उभ्यानेच खाल्ला. नुसता गोड होता. चघळत असताना त्याला वाटलं, ह्या चवीसाठी आपण इतकी वर्षं इतके अवजड झालो होतो का, आणि मग वाटलं, की आता हा जबडाही कुणासाठी हलतोय कोण जाणे. तिसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा तलावावर होता. उत्साह नव्हता, कंटाळाही नव्हता. न चालता काय करायचं हे त्याला माहीत नव्हतं, एवढंच. बायको एक दिवस म्हणाली, "मी येऊ?" तो म्हणाला, "चल." तिने थोडा विचार केला. "नको. तुम्ही फार भरभर चालता आता," ती म्हणाली, आणि त्यात तक्रारही नव्हती.

पावसाळा सरत आला तेव्हा वहिनीचा फोन आला, ह्या वेळी त्याला. "डॉक्टरांनी ह्यांना चालायला सांगितलंय. तुम्ही रोज जातच असता, ह्यांनाही घेऊन जात जा. एकटं सोडायला भीती वाटते." दादा नवे बूट घालून आला. गाल भरले होते, पोटावर शर्टाची बटणं जरा ताणली होती. औषधांनी सूज येते, वहिनी म्हणाली होती. तलावाच्या वाटेवर दादा बोलत राहिला. त्याला आता आंबट खावंसं वाटतं, पूर्वी कधी वाटलं नव्हतं, ही त्या मुलाचीच आवड असणार. त्या मुलाच्या नावाने काहीतरी करायला हवं. झाडं लावावीत का? तो ऐकत होता. मग दादा थांबला, गुडघ्यांवर हात ठेवून दम घेतला, आणि त्याच्याकडे वर बघत अगदी सहज म्हणाला, "पण तू अजून का चालतोस रे? तुझं काम तर झालं ना."

तो पुढे वळला. चालायला लागला. आधी नेहमीसारखा, मग जरा जोरात. पाय मोकळे पडत होते, श्वास लागत नव्हता, मांड्या एकमेकींना शिवत नव्हत्या. मागून दादाच्या बुटांचा आवाज थोडा वेळ आला आणि मग मागे पडत गेला. वळणाच्या पुढे वाट सरळ होती, लांबपर्यंत रिकामी. तो पळू शकला असता. दादा त्याला ह्या जन्मात गाठू शकला नसता, हे त्याला स्पष्ट दिसलं, हातात धरून बघावं इतकं स्पष्ट. "अरे थांब!" मागून हाक आली. "थांब ना!" तो आणखी थोडा गेला. आणि थांबला. का, ते त्याला कळलं नाही. दया आली असं म्हणावं तर आली नव्हती. तो पाठ वळवून उभा राहिला, पाण्याकडे बघत, आणि ते घासत येणारे बूट जवळ येताना ऐकत राहिला. त्यांना यायला फार वेळ लागला. दादा पोचला, धापा टाकत, त्याने एक हात त्याच्या खांद्यावर ठेवला, मग दुसराही, आणि डोळे मिटून अंगाचा सगळा भार त्याच्यावर टाकला. "हळू चाल ना जरा," दादा म्हणाला, "पाठीमागे माणूस आहे."

बाकावरची माणसं कौतुकाने दोघांकडे पाहत होती. त्याने पाय थोडे फाकवले, फरशीवर घट्ट रोवले, आणि दादाचा दम परत येईपर्यंत तसाच उभा राहिला.